अर्ध्या वाट्याची दीर्घिका

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे दाढताई म्हणत. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण कारण साधं होतं. समोरचे दात बरेच जण घडवतात. मागच्या दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या बारीक घळी आणि वरच्या दाढेशी बसणारा तिचा मेळ हे काम लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला तितकंसं साधत नसे. डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचा ठसा यायचा, त्यात प्लास्टर ओतून साचा व्हायचा, आणि त्या साच्यावर दाढताई गरम मेणाचा थेंब थेंब ठेवत दाढ उभी करायची. तिच्या हातचे दात तोंडात घेऊन शेकडो माणसं त्या शहरात जेवत होती, हसत होती, भांडत होती. त्यांतल्या एकालाही तिने पाहिलेलं नव्हतं.

ते तिला कधी खटकलं नव्हतं, कारण घरी आई होती. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि तिची हाक हेच दाढताईचं घड्याळ. आई गेली तेव्हा दादा आणि वहिनी दोन आठवडे राहून गेले. निघताना दादा म्हणाला, "आता जरा स्वतःकडे बघ." तिने बघितलं. बघण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई, दोन खोल्या, एक रिकामी खाट. संध्याकाळी कुलूप उघडताना ती अजून सवयीने आतला कानोसा घ्यायची. लोक म्हणतात घर खायला उठतं. तिचं घर खायलाबियला उठत नव्हतं. ते नुसतं गप्प बसून असायचं, आणि तेच तिला जड जायचं.

अशात एकदा एका पेशंटच्या समोरच्या दाताचा रंग दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी दाढताईलाच दवाखान्यात बोलावून घेतलं. ती रंगांची पट्टी घेऊन गेली. पट्टी म्हणजे नखाएवढे सोळा नमुन्याचे दात, पांढऱ्यापासून पिवळट-राखाडीपर्यंत. खिडकीच्या उजेडात पेशंटच्या ओठापाशी एकेक नमुना धरून तिने रंग ठरवला. पेशंट गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचेही दात बघते. दुसऱ्यांचे करता करता स्वतःचे राहून जातात."

खुर्ची मागे कलली आणि दाढताईला छत दिसलं. छतावर एक मोठा फोटो चिकटवलेला होता. काळ्याभोर अंधारात उजेडाचा एक भोवरा; मध्यभागी उबदार गोळा, आणि त्यातून निघून वळत वळत विरत गेलेले दोन बाहू.

"पेशंट तोंड उघडं ठेवून कंटाळतात, म्हणून लावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपली आकाशगंगा आहे ना, तशीच दुसरी. दीर्घिका म्हणतात. माझ्याच एका पेशंटने काढलाय, घरी बसून."

"घरी बसून कसा?"

"दुर्बीण भाड्याने मिळते म्हणे. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, वाळवंटातल्या कुठल्याशा डोंगरावर. आपण इथून सांगायचं, ती तिकडे बघते. हं, मोठा आ करा."

पुढचे प्रश्न आ केल्यामुळे तोंडातच राहिले. ते तिने संध्याकाळी घरी जाऊन फोनला विचारले. महिनाभर ती रोज वाचत होती. मग एक दिवस तिने पैसे भरले, दुर्बिणीचा तास ठरवला, आणि यादीतली त्यातल्या त्यात ठळक अशी एक सर्पिल दीर्घिका निवडली.

पलीकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो. त्यामुळे तिचा पहिला फोटो भर कामात, मेणाच्या दिव्याशेजारी ठेवलेल्या फोनवर आला. काळ्या चौकोनात मधोमध एक पुसट डाग. कोणाचं तरी बोट लागलंय असं वाटून तिने एप्रनच्या टोकाने काच पुसली. डाग गेला नाही. तिने पुन्हा पुसली. मग तिच्या लक्षात आलं, आणि हातातलं मेण निवेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"काय झालं हो ताई? वाईट बातमी का?" शेजारच्या टेबलावरून पॉलिशवालीने विचारलं. पॉलिशवाली तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. फिरत्या ब्रशवर दिवसभर दात घासायची आणि ब्रशच्या घरघरीवरून ओरडून बोलायची, त्यामुळे लॅबमध्ये तिचं काहीच खासगी राहत नसे.

"नाही गं. दीर्घिका आली."

"कोण आली?"

दाढताईने फोन पुढे केला. पॉलिशवालीने तोंडावरचा मास्क खाली ओढून बघितलं. "फोन बदला आता," ती म्हणाली, आणि पुन्हा ब्रश सुरू केला.

एका फोटोने काही होत नाही, हे दाढताईला लवकरच कळलं. दहा-दहा मिनिटांचे कितीतरी फोटो एकावर एक रचावे लागतात, तेव्हा कुठे त्या डागातून बाहू वर येतात. शिवाय नुसत्या काचेतून घेतलेला फोटो फक्त उजेड आणि आकार देतो. रंग हवा असेल तर तोच खटाटोप लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळा करायचा. एका माणसाच्या वाट्याला दुर्बिणीचे जेवढे तास येत, त्यात हे सगळं बसणं कठीण. म्हणून लोक दुर्बीणवाल्यांच्या वेबसाइटवरच्या फलकावर भागीदार शोधत. तिथेच तिला एक ओळ दिसली. तिच्याच दीर्घिकेचं नाव, आणि पुढे: 'निम्मे-निम्मे. रंग मी घेतो, उजेड तुम्ही घ्या. – तिसरा मजला.'

तिथे कोणी खरं नाव लावत नसे. तिने होकार कळवला आणि खाली लिहिलं, 'दाढ'.

लगेच उत्तर आलं. "अक्कलदाढ का?"

"नाही. तिच्या अलीकडची."

"मग ठीक. अक्कलवाल्यांशी माझं जमत नाही."

दाढताई हसली. ब्रश बंद होता, त्यामुळे तिचं हसणं खोलीभर ऐकू गेलं आणि लॅबच्या मालकांनीही मान वर करून बघितलं.

त्यानंतर दोन महिने बरे गेले. एक दिवस तिचा, एक त्याचा. दुर्बीण दोघांत मिळून एक, आणि दोघांच्या कामाचं तिथे एक सामायिक पान. त्या पानावर तो फार लिहीत नसे. 'ढग.' 'वारा फार, चार फोटो फुकट.' 'आज हवा चांगली, तुमचं नशीब.' तीही तसंच लिहायला शिकली. एका दुपारी तिने 'ढग' लिहिलं तेव्हा खाली उत्तर आलं, "चला, सुट्टी. जेवलात का?"

आता हे कोणीही कोणालाही विचारतं. पण आई गेल्यापासून दाढताईला हे कोणी विचारलं नव्हतं. दादा रविवारी फोन करायचा तो तब्येत विचारायचा, जेवण नाही. तिने 'हो' लिहिलं, आणि मग खोटं नको म्हणून डबा उघडून खरोखर जेवली. त्या दिवसापासून डब्यात ती दोन भाज्या आणायला लागली. पॉलिशवालीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"ताई, कोण आहे हो?"

"भागीदार आहे."

"कशात?"

"फोटोत."

"म्हणजे फोटोत दोघं आहात?"

"फोटोत कोणीच नाही," दाढताई म्हणाली. पॉलिशवाली डोळे बारीक करून बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता.

चंद्र मोठा असला की आकाश उजळतं, आणि दीर्घिकेसारखं फिकं काही टिपता येत नाही. त्या दिवसांत दोघंही रिकामे असत आणि बोलणं थोडं वाढे. एकदा तिने आईबद्दल मोठं लिहिलं, वाचलं, पुसलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं: "आई गेल्यापासून रविवार फार मोठे झालेत."

"रविवार सगळ्यांचेच मोठे असतात," त्याने लिहिलं. "आपण सोमवारची वाट बघायची."

हे वाक्य तिने किती वेळा वाचलं याचा हिशोब नको. ती घरी चालत जाताना इमारतींचे तिसरे मजले बघायला लागली. तो याच शहरात असेल असं मानायला काही कारण नव्हतं, तरी कुठल्या खिडकीत दिवा लागलाय, कुठे एकट्याचाच शर्ट वाळतोय, हे ती बघायची. मनातल्या मनात तिने त्याला चष्मा दिला, थोडे पिकलेले केस दिले, पुढच्या दोन दातांत बारीकशी फट दिली. ती फट तिने कधी भरली नसती.

याच सुमारास दादाने विषय काढला. "तिकडे एकटी काय करतेस? ये इकडे. एक खोली रिकामीच आहे."

"आता नको. काम चालू आहे."

"लॅब काय, इथेही मिळेल."

"लॅबचं नाही रे."

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "राहू द्या तिला."

मग एका सोमवारी त्याची पाळी आली आणि काहीच फोटो आले नाहीत. हवा उत्तम होती. दुर्बीण मात्र रिकामी राहिली. पुढच्या पाळीलाही तेच. दाढताईने लिहिलं, "बरे आहात ना?" उत्तर नाही. दोन दिवसांनी लिहिलं, "तुमची पाळी मी घेऊ का? तास वाया जातात." उत्तर नाही. तिच्या मनात नको नको ते यायला लागलं. जिन्यावरून पडला असेल. दवाखान्यात असेल. एकटा माणूस, दार आतून बंद, कोणाला कळणार? तिने आईचं आजारपण जवळून बघितलेलं, त्यामुळे तिची कल्पना फार तपशिलात जायची. त्या आठवड्यात तिच्या हातून एक दाढ उंच झाली आणि परत आली. मालकांनी साचा फक्त तिच्या टेबलावर ठेवला.

दिवस मोजकेच उरले होते. दीर्घिका रोज थोडी लवकर मावळत होती. महिन्याभरात ती सूर्याच्या उजेडात गेली असती, आणि मग थेट पुढच्या वर्षी. शेवटी दाढताईने दुर्बीणवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस सर्दीने बेजार होता.

"माझ्या भागीदाराचं काही कळत नाही," ती म्हणाली. "तिसरा मजला. आजारी वगैरे आहेत का, एवढंच सांगा."

"बाई, आम्हाला कोणाची माहिती देता येत नाही."

"पत्ता नको मला. माणूस आहे की नाही, एवढंच."

नाक ओढल्याचा आवाज आला. "आहेत की. फलकावर बघा ना तुम्ही, सगळ्यांची पानं उघडीच असतात. कालसुद्धा त्यांनी दुर्बीण घेतली होती."

"काल? कशासाठी?"

"दुसऱ्या कामासाठी," तो म्हणाला, आणि मग त्याला आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. "अहो, लोकांची एकाच वेळी चार-चार कामं चालू असतात."

पानं उघडी असतात हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्यांची पानं वाचायची असतात हे कधी सुचलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत तिने वाचली. तिसरा मजला सहा ठिकाणी भागीदार होता. एका तेजोमेघावर 'पाणचक्की' नावाच्या कोणाबरोबर त्याचं काम जोरात चाललं होतं. आधीच्या आठवड्यातली ओळ होती: 'ढग. चला, सुट्टी. जेवलात का?' आणि पाणचक्कीने लिहिलं होतं: 'हो, कधीच.'

दाढताईने फोन पालथा ठेवला. तिला रडू आलं नाही. फसवलं म्हणावं तर त्याने कसलाच शब्द दिला नव्हता. त्याने जेवण विचारलं होतं, आणि ते त्याने सगळ्यांनाच विचारलं होतं. चांगलाच माणूस होता म्हणायचा. तिने त्याच्या दातांतली फटसुद्धा आपल्या मनाने पाडलेली. तिला फार कानकोंडं झालं, तेही कोणी बघत नसताना. डबा तिने तसाच परत नेला.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, आणि पलीकडे तीच सर्दी.

"बाई, मघाशी तुमचं पान बघितलं मी," मदतवाला म्हणाला. "उजेड तुमचा पूर्ण झालाय, लालही झालाय. हिरवा आणि निळा राहिलाय. तुम्ही एकटीने करणार असाल तर निळा आधी घ्या."

"का?"

"दीर्घिका खाली गेली की हवेतून निळाच आधी गळतो. हिरवा नंतरही चालतो. लोक उलटं करतात आणि मग वर्षभर थांबतात." तो शिंकला. "एवढंच सांगायचं होतं."

ती कॉटवर बसली. ती आईची कॉट होती. त्यावर ती एरवी बसत नसे. एकटीने करणार असाल तर. आजवर तिने सगळं एकटीनेच केलं होतं, पण कोणी असं आधी विचारून घेतलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने उरलेले सगळे तास आपल्या नावावर घेतले.

निळ्याच्या पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी फोटोंमधून कुठल्याशा उपग्रहाची रेघ गेली. तिसऱ्या दिवसापासून हवा चांगली लागली ती लागलीच. ती दाढा घडवत होती, फोटो येत होते. पानावर ती आता काही लिहीत नव्हती. हिरव्याचे शेवटचे फोटो आले तेव्हा दीर्घिका क्षितिजाला इतकी टेकली होती की त्यातले निम्मे टाकून द्यावे लागले. उरले त्यांत भागलं.

मग रंग बसवायचं काम. फोटो जुळवणाऱ्या प्रोग्रामने आपल्या मनाने दीर्घिकेचा गाभा पांढराशुभ्र करून दिला, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या दातासारखा. दाढताईला ते बघवेना. इतकं पांढरं जिवंत काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती लॅबच्या खिडकीपाशी बसून गाभ्याचा रंग केसाकेसाने उतरवत गेली, म्हाताऱ्या दातात असते तशी पिवळट ऊब येईपर्यंत. बाहूंना तिने फार हात लावला नाही. तिथली निळाई कष्टाने आलेली होती.

काम झाल्यावर प्रश्न उरला तो नावांचा. फोटोखाली ज्यांचा हात लागलाय त्यांची नावं द्यायची पद्धत होती. तिने आधी एकच लिहिलं, 'दाढ', आणि त्याच्याकडे बघत बसली. पण लाल त्याचा होता. ते सगळे फोटो त्याने घेतले होते, नीट घेतले होते, आणि तो लाल काढला तर गाभा विझला असता. तिने दुसरं नावही लिहिलं आणि फोटो फलकावर लावला.

तिसऱ्या मजल्याचं उत्तर तासाभरात आलं. "अरे वा, झाली की पूर्ण. माझ्याकडून राहूनच गेलं, माफ करा. इकडे दुसऱ्या कामात अडकलो. पुढच्या वर्षी अजून एखादी घेऊ या का?"

तिने बराच विचार करून लिहिलं, "बघू." मग वाटलं, हे तुटक झालं. खाली जोडलं, "लाल छान आला होता तुमचा."

"जेवलात का?" त्याने लिहिलं.

"जेवले," तिने लिहिलं. जेवली नव्हती ती. पण आता त्याला खरं सांगायची तितकी गरज राहिली नव्हती.

रविवारी तिने दादाला फोटो पाठवला. "छान आहे," दादा म्हणाला. "कुठून उतरवून घेतलास?"

"काढला मी."

"म्हणजे?"

तिने समजावून सांगितलं. दादा हं हं करत राहिला. मग फोन वहिनीने घेतला. "एकटीने केलंस हे?"

"थोडं एका माणसाने केलं. बाकी मी."

"किती दिवस लागले?"

"चार महिने होत आले."

"आणि आम्ही इकडे समजत होतो, तू नुसती बसून असतेस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज थोडा बदलला होता. "खोलीचं मी यांना पुन्हा बोलू देणार नाही. पण ये मात्र. चार दिवस. फोटो दाखव नीट, मला काही कळला नाही तो."

"येते," दाढताई म्हणाली. ते तिने तेव्हा तरी मनापासून म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने दुसरी दीर्घिका निवडली. ही आणखी दूर, आणखी फिकी, आणि तिरकी पडलेली. फलकावर भागीदारासाठी तिने ओळ लिहिली नाही. पहिल्या दिवशी पॉलिशवाली स्टूल ओढून शेजारी येऊन बसली.

"दाखवा तरी, काय असतं ते."

"आत्ता काही नाही. दहा मिनिटांनी येईल."

दोघी बसल्या. पॉलिशवालीने नवऱ्याची एक तक्रार सांगितली, मग सासूची. फोटो आला. काळ्यावर एक तिरका, जेमतेम दिसणारा ओरखडा.

"एवढंच?"

"आत्ता एवढंच."

पॉलिशवाली दुसऱ्या फोटोची निम्मी वाट बघून उठली. तिची दुपारची कामं पडली होती. जाताना तिने दाढताईच्या डब्यातली बटाट्याची एक फोड उचलली आणि ब्रश सुरू केला. खोलीत घरघर भरली. दाढताईने दिव्यावर मेण धरलं, आणि ते ओघळायला लागेपर्यंत दुसरा फोटो येऊन पडला होता.